छप्पर गळतंय, तरी हिशेबात शिल्लक: मंडळाची मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं, चाळीसएक वर्षांपूर्वीचं क्रीडा आणि सांस्कृतिक मंडळ. जागा नगरपालिकेच्या भाडेपट्ट्याची. पत्र्याच्या हॉलमध्ये बॅडमिंटनची दोन कोर्ट, शेजारी व्यायामशाळा, तिच्यावर स्लॅबच्या दोन खोल्या. दर वर्षी वर्गणी भरणारे सभासद तीनशेच्या आसपास, शिवाय जुने आजीव सभासद. बँकेत अकरा लाखांची मुदत ठेव. गेल्या वर्षी हिशेबात साठ हजार शिल्लक दिसली, पण पावसाळ्यात कोर्टवर बादल्या ठेवाव्या लागल्या. कार्यकारिणीत दोन गट पडलेत: एक म्हणतो ठेव मोडा आणि छप्पर बदला, दुसरा म्हणतो हॉल लग्नांना द्या. नवे कार्यवाह विचारतात की कोणाचं ऐकायचं?

मी बरीच वर्षं अशाच एका मंडळाचा खजिनदार होतो आणि आता आसपासच्या मंडळांचे हिशेब बघून देतो. माझं उत्तर असं: आत्ता दोघांचंही ऐकू नका. तुमची साठ हजारांची शिल्लक खरी नाही. ती का खरी नाही हे सभासदांना आकड्यांत दाखवल्याशिवाय ठेव मोडलीत, तर ठेवही जाईल आणि वीस वर्षांनी पुढची कार्यकारिणी याच जागी उभी असेल.

उत्पन्न-खर्च पत्रकात घसाऱ्याची, म्हणजे वस्तू झिजल्याने दर वर्षी कमी होणाऱ्या किमतीची, ओळ शोधा. बहुतेक मंडळांत दोनपैकी एक प्रकार सापडतो. काही ठिकाणी इमारतीवर घसारा धरलेलाच नसतो. इतर ठिकाणी तो धरलेला असतो, पण फक्त कागदावर; तेवढी रक्कम कुठल्याही खात्यात बाजूला पडलेली नसते. छप्पर मात्र दर वर्षी तेवढं झिजतच असतं. म्हणून एक कागद घ्या, मंडळातल्या प्रत्येक मोठ्या वस्तूची आजची बदलायची किंमत लिहा, ती साधारण किती वर्षं टिकते ते लिहा आणि भागाकार करा.

उदाहरणासाठी मी आकडे घालतो, तुम्ही तुमच्या गावच्या कोटेशनचे घाला. छप्पर आठ लाख, वीस वर्षं: वर्षाला ४०,०००. दोन कोर्टांच्या सिंथेटिक मॅट चार लाख, आठ वर्षं: ५०,०००. व्यायामशाळेची यंत्रं सहा लाख, दहा वर्षं: ६०,०००. वायरिंग आणि पॅनेल पाच लाख, पंचवीस वर्षं: २०,०००. बाहेरचा रंग तीन लाख, सहा वर्षं: ५०,०००. पंप चाळीस हजार, आठ वर्षं: ५,०००. बेरीज २,२५,०००. त्यातून तुमची साठ हजारांची शिल्लक वजा करा. मंडळ वर्षाला १,६५,००० रुपयांच्या तोट्यात चाललंय आणि हा तोटा पत्र्यांतून, वायरींतून आणि मॅटमधून भरून निघतोय.

आता तेच २,२५,००० तीनशे सभासदांत वाटा. माणशी वर्षाला ७५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट. मी हा भागाकार जिथे जिथे सभेत फळ्यावर मांडला, तिथे फीवाढीला विरोध करणारे निम्मे लोक गप्प झाले. सभासद महिन्याला साठ-बासष्ट रुपये जास्त द्यायला तयार असतात. आपण ते कशासाठी मागतोय हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

हा आकडा फार वाटत असेल तर गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी पाहा. त्यांत दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या बांधकामासाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के असावा असं म्हटलंय. तुमचं मंडळ विश्वस्त संस्था आहे, तिला ते उपविधी लागू नाहीत, पण अंदाजाला चांगले आहेत. फक्त चाळीस वर्षांपूर्वीचा बांधकाम खर्च धरू नका, आजचा धरा. आणि तो फक्त इमारतीचा आकडा झाला. मॅट आणि यंत्रं वेगळी.

ही रक्कम 'इमारत व साधन बदल निधी' अशा नावाने वेगळ्या खात्यात, दर तिमाहीला वळती करायची. वार्षिक सभेत ठराव करून घ्या की या खात्यातून पगार, वीजबिल किंवा स्पर्धेची बक्षिसं दिली जाणार नाहीत. कार्यकारिणी बदलली तरी ठराव राहतो.

आता त्या अकरा लाखांकडे वळू. ठेवीला हात लावण्याआधी ती कुठून आली ते शोधा. जुनी पावती पुस्तकं आणि इतिवृत्तं काढा. त्यात आजीव सभासदांची वर्गणी असेल, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेली देणगी असेल, 'फक्त व्याजातून ग्रंथालय चालवावे' असं पत्रही असेल. कायम निधी (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं असा निधी) म्हणून किंवा ठरावीक कामासाठी दिलेला पैसा छप्परावर खर्च करता येत नाही. लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवील आणि ते योग्यच असेल. या सगळ्याची वजाबाकी केल्यावर मोकळी रक्कम किती उरते ते बघा. बऱ्याचदा अकरातले चार-पाचच लाख मोकळे निघतात.

ठेव कुठे आहे तेही बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ मध्ये विश्वस्त संस्थेचा पैसा कुठे गुंतवायचा ते ठरवून दिलेलं आहे: शेड्यूल्ड बँक, टपाल खात्याची बचत बँक, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे वगैरे. गावातली पतसंस्था एक टक्का जास्त देते म्हणून पैसे तिथे ठेवू नका, मग तिचे संचालक कितीही ओळखीचे असोत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आणि तो विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा मिळून पाच लाख असा आहे. म्हणून अकरा लाख एकाच सहकारी बँकेत असतील तर निम्म्याहून जास्त रक्कम विम्याच्या बाहेर आहे. २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा कितीतरी संस्थांचे दुरुस्ती निधी अडकून पडले होते.

कर्जाचा विचार कोणी मांडला तर त्यालाही धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. छप्परासाठी त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

आजीव सभासदांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण महाराष्ट्रातली निम्मी मंडळं इथेच रुतली आहेत. इमारत बांधताना पैसे हवे होते म्हणून पाचशे-हजार रुपये घेऊन आजीव सभासद केले. ती रक्कम भिंतींत गेली, म्हणजे व्याज शून्य. आज त्यातले काही जण, त्यांची मुलं, कधी नातवंडंही रोज कोर्ट वापरतात आणि मंडळाला काहीच मिळत नाही. त्यांचा हक्क काढून घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांच्याच पैशांवर मंडळ उभं राहिलंय आणि तसं केलंत तर सभा मोडेल. मार्ग असा की सभासदत्व आणि वापर यांची फी वेगळी करायची. सभासदत्व म्हणजे मतदानाचा आणि सभेला बसण्याचा हक्क. तो आजीव सभासदाला आजीव राहील. कोर्ट, व्यायामशाळा, लॉकर यांचं वापर शुल्क मात्र सगळ्यांना, आजीव सभासदाला थोडी सवलत देऊन. तुमच्या घटनेत 'सर्व सुविधा विनामूल्य' असे शब्द असतील तर आधी घटनादुरुस्ती करावी लागेल, म्हणून घटना नीट वाचा. यापुढे आजीव वर्गणी घ्यायची असेल तर ती पूर्ण कायम निधीत जमा करा आणि इतकी ठेवा की तिच्या व्याजातून एका सभासदाचा वर्षाचा खर्च निघेल.

छप्पर. तुम्ही लिहिलंय की कंत्राटदाराने सगळे पत्रे बदलायला सांगितलेत. होकार देण्याआधी भर दुपारी हॉलमधले सगळे दिवे बंद करा, दारं-खिडक्या लावा आणि वर बघा. जिथे पत्रा कुजलाय तिथे उजेडाचे ठिपके दिसतील. ठिपके थोडे असतील, तर गळती पत्र्यातून नाही, जोडांतून होतेय. जुन्या छप्परांत पन्हळी पत्रे जे-हुकांनी अँगलला बांधलेले असतात आणि नटखाली डांबरी नाहीतर रबरी वॉशर असतो. उन्हाने तो वॉशर कडक होतो, तडकतो, आणि पाणी हुकाच्या दांड्यावरून आत उतरतं. खालून पाहताना गळती पत्र्यावर कुठेही दिसते, पण हुकाच्या टोकाशी गंजाचा तांबूस ओघळ असतो. तो ओघळ हीच खूण. अशा वेळी हुक आणि वॉशर बदलणं, दोन पत्र्यांच्या सांध्यात सीलंट भरणं आणि पन्हळ मोकळी करणं एवढ्यावर काम भागतं आणि खर्च नव्या छप्पराच्या पासंगालाही पुरत नाही. त्यातून पाच-सात वर्षं मिळाली तर बदल निधी तेवढ्या काळात उभा राहतो. मात्र अँगल किंवा कैची (छप्पर पेलणारी लोखंडी चौकट) गंजून पापुद्रे सुटत असतील तर वॉशरवर पैसे घालू नका. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून लेखी अहवाल घ्या आणि तोवर त्या भागाखाली खेळ बंद ठेवा. दुरुस्तीला माणूस चढवताना पत्र्यावर फळ्या टाकून आणि सुरक्षा पट्टा बांधूनच चढवा. जुन्या पत्र्यातून माणूस खाली कोसळल्याच्या घटना घडतात.

स्लॅबच्या खोल्यांची गोष्ट वेगळी. तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे टाकण्याआधी गच्चीवरचं पाणी जाण्याचं तोंड बघा. पानं, प्लॅस्टिकची पिशवी, कोणाचं तरी शटलकॉक. त्याने पाणी तुंबतं, दोन दिवस उभं राहतं आणि मग छत ओलं होतं. मेच्या शेवटी एकदा, जुलैत दोनदा साफसफाई, बस.

लग्नांचा मुद्दा. तुमची जागा नगरपालिकेची आहे, म्हणून भाडेपट्ट्यातल्या अटी शब्दन् शब्द वाचा. 'क्रीडा प्रयोजनासाठी' अशी अट असेल आणि हॉल लग्नांना नियमित जाऊ लागला, तर शर्तभंगाची नोटीस येऊ शकते, आणि जागाच गेली तर छप्पराचा प्रश्नच उरत नाही. परवानगी असली तरी हिशेब पूर्ण मांडा. एका लग्नाचं भाडं पंधरा हजार दिसतं. त्यातून सफाई, पाणी, वीज, जादा माणूस वजा करा. मॅट गुंडाळून पुन्हा पसरताना तिच्या कडा फाटतात ते धरा. केटररने मोरीत ओतलेल्या तेलाने गटार तुंबतं ते धरा. आणि दोन दिवस कोर्ट बंद राहिल्याने नाराज होऊन पुढच्या तिमाहीची फी न भरणारे सभासद धरा. हे शेवटचं नुकसान कोणत्याच वहीत दिसत नाही आणि तेच सगळ्यात मोठं असतं. वर्षाला मोजके कार्यक्रम, तेही संगीत, व्याख्यानं, शाळांची स्नेहसंमेलनं असे, मला चालतात. लग्नसराईवर मंडळ चालवायचं ठरलं की दोन-तीन वर्षांत खेळणारी मुलं दिसेनाशी होतात. मी हे होताना पाहिलंय, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या मुलाच्या घरी खाजगी अकादमीची फी परवडत नाही, त्याला गावात रॅकेट धरायला ही एकच जागा असते.

कोणी 'सगळं चालवायलाच देऊन टाका, आम्ही दर महिना ठरावीक रक्कम देतो' असं म्हणत आलं, तर लक्षात ठेवा: विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आणि सगळ्या प्रकारचं भाडं, फी मिळून उलाढाल वीस लाखांकडे जात असेल तर जीएसटीबद्दल सीएशी आधीच बोला.

उत्पन्न वाढवायचंच आहे तर दुपारकडे बघा. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ जागा भरलेली असते. मधले सात-आठ तास कुलूप. वरच्या दोन खोल्यांत अभ्यासिका सुरू करा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना टेबल, पंखा, पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालय आणि शांतता एवढंच हवं असतं, आणि ती दर महिन्याला वेळेवर पैसे देतात. दुपारी तीन ते पाच महिलांसाठी व्यायामशाळा, ज्येष्ठांसाठी कॅरम आणि टेबल टेनिस. मुलांचं उन्हाळी शिबिर तर बहुतेक मंडळांचं वर्षाचं सगळ्यात चांगलं उत्पन्न असतं. त्याची तयारी मार्चमध्ये नाही, जानेवारीत करायची. एक सांगतो: महिलांचं सभासदत्व शौचालयाच्या अवस्थेवर ठरतं. नवं ट्रेडमिल घेण्याआधी दाराची कडी, दिवा, पाणी आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा एवढं करा, फरक तीन महिन्यांत दिसेल.

विजेचा हिशेब तासावर काढा. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट म्हणजे तुमचा खरा दर. समजा तो बारा रुपये आला. हॉलमध्ये ४०० वॅटचे बारा मेटल हॅलाइड दिवे असतील तर तासाला ४.८ युनिट जळतात. दीडशे वॅटचे बारा एलईडी लावले तर १.८. रोज पाच तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर ४,५०० युनिट, म्हणजे ५४,००० रुपये वाचतात. दिवे कोर्टच्या डोक्यावर न लावता दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर शटल बघताना डोळे दिपतात. बिलावरचा मंजूर भार आणि तुमचा प्रत्यक्ष वापर यांचीही तुलना करा. वापर बराच कमी असेल तर भार कमी करून घेता येतो. बिलावर दरवर्ग कोणता लिहिलाय तेही महावितरणच्या कार्यालयात एकदा तपासून घ्या.

रोजच्या देखभालीला मी एकच वही मागतो. दाराशी टांगलेली, पेन दोरीने बांधलेला. कोणीही सभासद त्यात लिहील: 'नळ गळतो', 'दुसऱ्या कोर्टची जाळी फाटली'. समोर दुरुस्तीची तारीख आणि खर्च. वर्षाअखेरी ही वही चाळली की कोणती वस्तू बदलायला आली ते आपोआप कळतं. एका पंपावर वर्षात तीनदा खर्च झाला असेल तर चौथ्यांदा दुरुस्त करू नका. व्यायामशाळेत केबलवरचं प्लॅस्टिक आवरण तडकलं की ते यंत्र त्याच दिवशी बंद. आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघा. घामेजल्या हातांनी लोखंड आणि ट्रेडमिल धरणाऱ्यांचा जीव त्यावर असतो. अग्निशमन यंत्रणा असेल तर तिची सहामाही तपासणी परवानाधारक संस्थेकडून करून तिचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. आणि शिपायाला नीट पगार द्या. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या टाकीचा हे फक्त त्यालाच माहीत असतं. तो असतानाच प्रत्येक व्हॉल्व्हवर रंगाने नाव लिहून घ्या.

पैशांच्या शिस्तीबद्दल तुम्हाला फार सांगायला नको. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच, कोणा पदाधिकाऱ्याचा कधीही नाही. पावतीशिवाय एक रुपया नाही. रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत, धनादेशावर दोन सह्या, दर महिन्याला बँकेचा ताळमेळ कार्यकारिणीपुढे. कार्यवाह बदललाय, तर पदाधिकारी बदलल्याचं कळवणारा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला का, ते मात्र आजच विचारा.

देणगीदारांचा एक अनुभव सांगायलाच हवा. लोक वस्तू द्यायला उत्सुक असतात, वॉटर कूलर, बाक, यंत्र. त्या वस्तूच्या फिल्टरला, दुरुस्तीला कोणी देत नाही. म्हणून ठराव करा की वस्तूरूप देणगीबरोबर किमतीच्या दहा टक्के रक्कम बदल निधीला घेतली जाईल. समजावून सांगितलं तर बहुतेक जण आनंदाने देतात. आमदार-खासदार निधी, जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून मिळणारं व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाचं अनुदान, यांसाठी जरूर अर्ज करा. ते बांधकामाला आणि साहित्याला उपयोगी पडतं. वीजबिल आणि शिपायाचा पगार मात्र फीतूनच निघायला हवा. एखाद्या कंपनीच्या सीएसआरकडे (सामाजिक कामासाठीच्या निधीकडे) जायचं असेल तर आधी मंडळाची सीएसआर-१ नोंदणी लागते.

आता वार्षिक सभा. फीवाढ एकदम करू नका. दोन वर्षांत दोन टप्प्यांत करा आणि वाढीचा सगळा पैसा बदल निधीतच जाईल असं ठरावात लिहा. विद्यार्थ्यांना सवलत ठेवा. ज्यांना खरंच परवडत नाही अशा मुलांसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करा आणि ती नावं फक्त अध्यक्ष, कार्यवाह आणि प्रशिक्षक यांनाच माहीत असू द्या. सभेच्या पंधरा दिवस आधी तो भागाकाराचा कागद सूचना फलकावर लावा, म्हणजे सभेत लोक आकड्यांवर बोलतील. मोकळी ठेव किती निघते ते कळल्यावर त्यातून फक्त हुक-वॉशरचं काम आणि एलईडी दिवे एवढाच खर्च मंजूर करून घ्या. विजेत वाचलेले पैसे ठेवीत परत टाकायचे, हेही त्याच ठरावात लिहा. छप्पराचं काम एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकायला हवं, मेमध्ये पत्रेवाले मिळत नाहीत. म्हणून कोटेशनं डिसेंबरमध्येच मागवा, किमान तीन, आणि प्रत्येकाला वर चढून बघायला लावूनच.